चांगलं खेळलास

"हिला टेनिस नको. हिला पाण्यात घाल."

नलिनक्का माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. आम्ही नाशिकहून म्हैसूरला येऊन काही वर्षं झाली होती आणि चामराजपुरममध्ये नुकतंच घर बदललं होतं. शेजारच्या बाई टेनिस शिकवतात आणि घरात मराठी बोलतात, एवढं कळल्याबरोबर मी माझ्या सहा वर्षांच्या ईराला नवी रॅकेट घेऊन दिली आणि क्लबच्या मागच्या मातीच्या कोर्टवर नेऊन उभी केली. नलिनक्कांनी तिला थोडे बॉल टाकले, जरा पळवलं, आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्याकडे बघावं तसं तिच्याकडे बघत हा निकाल दिला. ईरा रडायला लागली.

"लहान आहे हो ती. शिकेल हळूहळू," मी म्हटलं.

"शिकेल की. शिकतात सगळे. पण हिला बॉलचं भय आहे. बॉल आला की डोळे मिटते. सुम्मने, उगाच दोन वर्षं कशाला घालवायची?"

मी रागानं घरी आले. महिनाभरानं, कुणाला न सांगता, ईराला तलावावर घातलं. पुढे ती शाळेतर्फे पोहायला लागली, बक्षिसं आणायला लागली. मी एकदा मुद्दाम नलिनक्कांना तिची पदकं दाखवली. त्या "हं" म्हणाल्या आणि कुंपणावरच्या कढीपत्त्याची फांदी तोडून माझ्या हातात दिली. त्यांच्याकडून यापेक्षा जास्त काही मिळत नसे. बारा वर्षांच्या शेजारात मी त्यांच्या तोंडून कुणाचं कौतुक ऐकलं नाही. एखाद्या पोरानं सुंदर फटका मारला की त्या जमिनीकडे बघत म्हणायच्या, "आता दुसरा."

त्यांचं घराणं तीन-चार पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आलेलं. घरातली भाषा मराठी, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलेलं की वाक्य मराठीत सुरू होऊन कन्नडमध्ये संपायचं. मी एखादा शुद्ध शब्द वापरला की त्या हसायच्या. "तुझी मराठी पुस्तकातली, शुभा. आमची स्वयंपाकघरातली. माझ्या मराठीला हळदीचे डाग आहेत." नवरा सरकारी नोकरीतला. आम्ही शेजारी यायच्या आधीच ते गेले होते. मूलबाळ नव्हतं. सलवार-कमीज, वरून नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट, डोक्यावर कापडी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट, अशा वेशात सत्तरीची ही बाई रोज पहाटे सायकलवरून क्लबवर जायची आणि आधी स्वतः कोर्टवर पाणी मारायची. माळी होता, पण त्याचं पाणी त्यांना पटत नसे. माती किती ओली झाली हे त्या बूट काढून, अनवाणी चालून बघायच्या.

तरुणपणी त्या राज्यात पहिल्या होत्या. राष्ट्रीय शिबिराचं बोलावणंही आलं होतं. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "गेले नाही. सासरे आजारी पडले. होगली, जाऊ दे." या 'जाऊ दे'च्या पलीकडे त्यांनी मला बरीच वर्षं जाऊ दिलं नाही.

सुहास त्यांचा शिष्य. शिष्य खूप होते, पण 'त्यांचा' म्हणावा असा हा एकच. त्याच्या वडिलांचं मंडी मोहल्ल्यात गुळाचं ठोक दुकान. घरी कन्नड. सात-आठ वर्षांचा असल्यापासून तो नलिनक्कांकडे होता, आणि त्यांच्या शिव्या ऐकता ऐकता मराठी शिकला होता. त्याला कारण होतं. सामना चालू असताना बाहेरून काही सांगायला तेव्हा मनाई असायची. नलिनक्का कट्ट्यावर बसून, जणू शेजारणीशी बोलताहेत अशा आवाजात, मराठीत सूचना द्यायच्या. "आज भाजीत मीठ कमी पडलं," म्हणजे सर्व्हिस कमी वेगाची होतेय. "दूध उतू चाललंय," म्हणजे घाई करतोस. कर्नाटकात हे खपून जायचं. मग एकदा पुण्यात स्पर्धा होती. नलिनक्का सवयीनं मोठ्यानं म्हणाल्या, "दूध उतू चाललंय की रे, गॅस बारीक कर!" आणि समोरचा पोरगाच वळून म्हणाला, "काकू, आमच्याकडे पण तसंच होतं." सगळा कट्टा हसला. पंचांनी सुहासला ताकीद दिली. ही गोष्ट सुहास मला तुटक्या मराठीत, हसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत सांगायचा. नलिनक्का मात्र हसत नसत. "त्या गोंधळात सेट गेला," एवढंच त्यांच्या लक्षात होतं.

मी त्यांना कठोर म्हणते ते मात्र या असल्या गोष्टींवरून नाही.

आम्ही राहायला आलो त्याच वर्षी सुहास एकोणीस वर्षांचा होता. छोट्या छोट्या व्यावसायिक स्पर्धा खेळायला देशभर फिरत होता. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरून परत यायचा. एका सकाळी सराव संपल्यावर त्या त्याला म्हणाल्या, "सिंगल्स सोड."

त्याला वाटलं, आजचा सराव सोड म्हणतात.

"आज नाही. कायमचं. तुझे पाय तेवढे चालत नाहीत. चालणारही नाहीत. मी बघत होते, दोन वर्षं वाट बघितली. तुझे हात चांगले... तुला हात आहेत. नेटजवळ तुला बॉल आधी दिसतो. डबल्सचा खेळाडू आहेस तू."

बोलताना मध्येच त्या अडखळल्या, 'चांगले' हा शब्द तोंडातून येता येता त्यांनी परत गिळला, हे सुहासनं मला नंतर कधीतरी सांगितलं. तेव्हा मात्र त्याला एवढंच ऐकू आलं की ज्या एका माणसासाठी आपण खेळतो त्या माणसानं आपल्याला खोडून टाकलं. तो रॅकेट तिथंच टाकून गेला. संध्याकाळी त्याचे वडील आले. रस्त्यावर उभं राहून ओरडत होते. माझ्या मुलाचं वाटोळं केलंत, एवढी वर्षं घेतलीत आणि आता सांगता. कन्नड मला तेव्हा फार कळत नव्हतं, पण ते कळलं. नलिनक्का फाटकाच्या आत हाताची घडी घालून उभ्या होत्या. त्यांचं होईपर्यंत थांबल्या. मग म्हणाल्या, "कॉफी घेणार का?" ते तसेच निघून गेले.

कित्येक महिने सुहास फिरकला नाही. त्याचं नाव त्यांनी एकदाही काढलं नाही. मग एका पहाटे तो क्लबवर उभा होता. त्यांनी काही न बोलता पाण्याचा पाइप त्याच्या हातात दिला. त्या दिवसापासून तो डबल्स खेळायला लागला.

पुढची दहा-अकरा वर्षं मी कुंपणापलीकडूनच पाहिली. तो जगभर फिरायला लागला, जोडीदार बदलत गेले, शेवटी मार्टिन नावाच्या एका उंच, अबोल युरोपियन खेळाडूशी त्याची जोडी जमली. दर रविवारी तो असेल तिथून फोन करायचा. नलिनक्का व्हरांड्यात बसून बोलायच्या, आणि मला ऐकू यायचं, "दुसऱ्या सर्व्हिसला टॉस मागं जातोय. कत्ते, किती वेळा सांगू?" कत्ते म्हणजे गाढव. जगातल्या पहिल्या वीस-पंचवीस खेळाडूंत आलेल्या माणसाला हे दर रविवारी ऐकावं लागायचं.

व्यावसायिक टेनिसचं वर्ष नोव्हेंबरात एका स्पर्धेनं संपतं. वर्षभरातले सर्वांत वरचे आठ खेळाडू आणि डबल्सच्या आठ जोड्या, एवढ्यांनाच तिथं प्रवेश. मला टेनिसमधलं काही कळत नाही. नलिनक्कांनीच एकदा ओट्यावर आठ लिंबं मांडून ही स्पर्धा मला समजावली होती. चार-चार लिंबांचे दोन गट. प्रत्येकानं आपल्या गटातल्या तिघांशी खेळायचं. दोन्ही गटांतले वरचे दोन उपांत्य फेरीत. "बाकी सगळीकडे हरलं की बॅग भरायची. इथं नाही. इथं हरलं की दोन दिवसांनी परत त्याच लोकांसमोर उभं राहायचं. हरलेला चेहरा घेऊन. फार कठीण असतं ते." मग एक लिंबू उचलून चिरलं आणि भातावर पिळलं.

दोन वर्षांपूर्वी सुहास आणि मार्टिन त्या आठांत येतील अशी चिन्हं दिसायला लागली. आठवी जागा कधी त्यांची, कधी दुसऱ्या एका जोडीची. ऑक्टोबरभर शेवटच्या स्पर्धा चालू होत्या. त्याच दिवसांत नलिनक्कांचे डोळे मला पिवळे दिसले.

दसऱ्याच्या गर्दीतून वाट काढत मी त्यांना दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होते, समंजस होते. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतापर्यंत गेलेला. शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगायला सुरुवात केली तर नलिनक्का खुर्चीतून म्हणाल्या, "इकडं सांगा. पोट माझं आहे."

डॉक्टरांनी सांगितलं. काही आठवडे. फार तर नाताळापर्यंत.

परतताना रिक्षात, घर जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "सुहासला सांगायचं नाही."

"अहो, असं कसं?"

"शुभा, तो यायला निघेल."

"निघू दे की. यायलाच पाहिजे त्यानं."

"बेड," त्या म्हणाल्या. नको. या शब्दानंतर त्यांच्याशी वाद घालता येत नसे, पण मी घातला. आठवडाभर घातला. तो तुम्हाला आईसारखा मानतो, नंतर कळलं तर त्याला काय वाटेल, हा त्याचा हक्क आहे, सगळं बोलून झालं. शेवटी एका दुपारी, मी त्यांना पेज भरवत असताना, त्यांनी वाटी बाजूला सारली.

"माझ्या सासऱ्यांना मी जवळ हवी होते. शिबिराला जाऊ नको म्हणाले नाहीत ते. नुसते बघत राहिले माझ्याकडं. मग मी राहिले. सगळे म्हणाले, किती गुणाची सून. ते पुढे कितीतरी वर्षं जगले. फार सज्जन माणूस. मी त्यांचं सगळं केलं, शुभा. अंघोळ घातली, केस विंचरले. आणि एक दिवससुद्धा त्यांना माफ केलं नाही. कंगवा फिरवताना मनात असायचं, तुझ्यामुळं." त्या थांबल्या. "सुहासनं माझ्याकडं तसं बघायला नको."

मी वाटी घेऊन आत गेले. त्यानंतर वाद घातला नाही.

सुहास आणि मार्टिन आठवे आले. त्या रविवारी फोनवर तो लहान मुलासारखा ओरडत होता. नलिनक्कांनी व्हरांड्यात बसायचं सोडलं होतं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. "आठवा म्हणजे शेवटचा," त्या म्हणाल्या. "नाचू नको." आवाज कसाबसा पूर्वीसारखा काढला होता. फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांना धाप लागलेली होती.

नोव्हेंबरात वेदना वाढल्या आणि त्यांना दवाखान्यात हलवावं लागलं. धारवाडहून त्यांचा भाचा आला. मी नोकरी करते त्या कारखान्यातून रजा घेतली. स्पर्धा इटलीत होती, आणि सुहासचे सामने आपल्याकडे दुपारी चारच्या सुमाराला असत. भाच्यानं लॅपटॉप आणला, पलंगाच्या आडव्या टेबलावर ठेवला. पहिल्या सामन्यात सुहासची जोडी हरली. निकाल एकतर्फी नव्हता. पहिला सेट जिंकला, दुसरा गेला, आणि शेवटच्या टायब्रेकमध्ये सुहासच्या हातून एक सोपा बॉल नेटमध्ये गेला. कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर गेला तेव्हा मी नलिनक्कांकडे पाहिलं. त्या पडद्याकडे बघत होत्या, पण डोळ्यांत औषधाची झोप होती.

तासाभरानं त्याचा फोन आला. मी नेहमीसारखा कानाशी धरला. पलीकडून तो भराभर बोलत होता, तो नेटमधला बॉल, टॉस, मार्टिन. त्या ऐकत होत्या. तो थांबला. शिवी यायची वेळ झाली होती.

"चांगलं खेळलास," नलिनक्का म्हणाल्या.

"चांगलं खेळलास रे," त्या परत म्हणाल्या आणि डोळे मिटले. त्यांना त्या काय बोलल्या याची जाणीव होती की नव्हती, मला आजही सांगता येत नाही. मी फोन बंद केला.

दहा मिनिटांत माझा फोन वाजला. मी कॉरिडॉरमध्ये गेले.

"आंटी," सुहास म्हणाला, "अक्काला काय झालंय?"

सांगणार नाही असा मी शब्द दिला होता.

"त्या मला चांगलं खेळलास म्हणाल्या. मी हरलो आणि त्या चांगलं खेळलास म्हणाल्या. आंटी, किती दिवस आहेत?"

मी दिवस सांगितले नाहीत, पण नाहीही म्हटलं नाही. त्याला तेवढं पुरलं असणार.

"मी निघतो," तो म्हणाला. मग लगेच, "निघू?" आणि मग अगदी हळू, "आलो तर त्या काय करतील?"

"त्यांना नको आहे तू यायला," मी म्हटलं. एवढंच खरं मला सांगता येण्यासारखं होतं. "त्यांनी सगळ्यांना बजावलंय. तू ठरव, सुहास. मी नाही सांगू शकत."

मग फोन बंद झाला. त्या संध्याकाळी मला वाटत होतं, तो विमानात असेल. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाटत होतं, आता बेंगळुरूहून टॅक्सीत असेल. तिसऱ्या दिवशी चार वाजता भाच्यानं लॅपटॉप उघडला, आणि सुहास निळ्या कोर्टवर उभा होता.

तो सामना ते जिंकले. टेनिस न कळणाऱ्या मलासुद्धा कळत होतं की आज हा वेगळा खेळतोय. नेटजवळ त्याचे हात बॉलच्या आधी पोचत होते. गुण मिळाला तरी चेहरा हलत नव्हता. मार्टिन त्याच्या पाठीवर थाप मारायचा आणि तो मागं न बघता पुढच्या जागी जाऊन उभा राहायचा. नलिनक्का त्या दिवशी पूर्ण जाग्या होत्या. उशीला टेकून त्यांनी एकेक बॉल पाहिला. सामना संपल्यावर माझ्याकडे वळल्या.

"त्याला कळलंय," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस?"

"नाही. त्यानं ओळखलं. परवाच. तुम्ही चांगलं खेळलास म्हणालात त्याला."

"मी?" त्यांना खरंच धक्का बसलेला दिसला. मग हिशोब लागल्यासारख्या म्हणाल्या, "परवा कळलं. आणि आज खेळला."

"हो."

"बरोबर केलं." त्यांनी मान हलवली. "बरोबर केलं त्यानं. हेच शिकवलं मी."

मी लॅपटॉप मिटला, पाणी दिलं, चादर नीट केली. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या. मला वाटलं झोपल्या. मी खिडकीपाशी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं भिंतीकडूनच आवाज आला.

"आला नाही."

"मीच नको म्हटलं, अल्ला, हो ना?" त्या भिंतीशी बोलत होत्या. "मीच नको म्हटलं. मग आता काय माडोदु?" काय करायचं आता? त्यांचे खांदे हलत होते. बारा वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही त्यांनी मला चेहरा दिसू दिला नाही. त्यांना हवं होतं तेच तंतोतंत झालं होतं, आणि ते त्यांना सोसत नव्हतं. एकीकडे त्यांना त्याचा अभिमान वाटत होता, हे मी शपथेवर सांगेन. दुसरीकडे, कुठल्याशा शिबिराला न जाता घरी राहिलेली ती एकवीस वर्षांची सून विचारत होती, मी राहिले होते ना, मग माझ्यासाठी कुणी का नाही?

तिसरा सामना ते हरले. जिंकले असते तर उपांत्य फेरीत गेले असते. शेवटचा गुण गेल्यावर सुहासनं दोघा प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवले, पंचांशी मिळवला, आणि बाकावर न बसता, बॅग खांद्याला लावून सरळ कोर्टबाहेर नेणाऱ्या बोगद्यातून आत निघून गेला. मार्टिन त्याच्या मागं धावला. भाचा म्हणाला, "निघाला बहुतेक."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. अंगावर स्पर्धेचंच जाकीट, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तोपर्यंत नलिनक्कांचं शरीर अर्धं झालं होतं आणि त्वचा हळकुंडासारखी पिवळी पडली होती. तो दारातच थांबला. मी उठून खुर्ची दिली. त्यानं पलंगाजवळ जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"का आलास?" नलिनक्कांनी विचारलं. आवाज पातळ होता, पण शब्द स्वच्छ होते. "हरलास म्हणून?"

भाच्यानं मान खाली घातली. मला वाटलं, आता सुहास काहीतरी गोड खोटं बोलेल. बोलावं, असंही वाटलं.

"हो," सुहास म्हणाला. "जिंकलो असतो तर अजून आलो नसतो."

त्यांनी डोळे मिटून घेतले. "खरं बोललास."

"तुम्ही मला विचारायचं होतं, अक्का."

"विचारलं असतं तर आला असतास."

"आलो असतो."

"म्हणून नाही विचारलं."

"पण मग मला कळलं," सुहास म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला, "आणि कळल्यावर मी नाही आलो. विमानतळावर गेलो होतो. तिकीट हातात होतं. परत फिरलो. तुम्ही रागवाल म्हणून नाही फिरलो. मला खेळायचं होतं, अक्का. तुम्ही इथं अशा, आणि मला खेळायचं होतं. आता हे मी कुठं ठेवू?"

मला आशा होती की नलिनक्का काहीतरी म्हणतील. त्याच्या डोक्यावर हात ठेवतील, कत्ते म्हणतील, काहीही. त्यांनी डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं.

"ते मला नाही ठाऊक," त्या म्हणाल्या. "मलाही अजून जागा सापडली नाही."

तो काय समजायचं ते समजला. ती सासऱ्यांची गोष्ट त्यांनी त्याला कधीतरी सांगितली असावी, कारण कसली जागा ते त्यानं विचारलं नाही. नुसता त्यांचे तळवे चोळत बसला.

नलिनक्का गेल्या त्याला आता दोन वर्षं झाली. सुहास अजून खेळतो. मार्टिनशी जोडी मात्र तुटली, आणि त्यानंतर तो त्या आठांत आलेला नाही. म्हैसूरला आला की क्लबवर जातो, पण मुलांना शिकवत नाही. मागच्या वेळी मी त्याला जेवायला बोलावलं होतं. माझा नवरा कौतुकानं त्या स्पर्धेबद्दल विचारायला लागला तेव्हा तो ताटावरून उठला, हात धुतले आणि अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्या वडिलांकडून कळलं की तो दुसऱ्या सामन्याची चित्रफीत बघतो. जिंकलेला तो एकच सामना, पुन्हा पुन्हा. आवाज बंद करून.

त्या दोघांत काही मिटलं का, हे मला माहीत नाही. तो दवाखान्यात आला त्यानंतरचे दोन दिवस त्या खोलीतून हलला नाही. त्या शुद्धीवर असायच्या तेव्हाही फारसं बोलणं होत नसे. एकदा मी आत गेले तर तो त्यांना पाणी पाजत होता आणि त्या मान फिरवत होत्या. एकदा त्यांनी त्याला मार्टिनच्या डाव्या गुडघ्याबद्दल काहीतरी विचारलेलं मी ऐकलं. बस.

तिसऱ्या सकाळी मला कारखान्यात काही तासांसाठी जाणं भाग होतं. कारखान्याकडे जाणाऱ्या हूटगळ्ळीच्या बसच्या आधी मी दवाखान्यात डोकावले. पडदे अर्धे उघडे होते. सुहास खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता, तोंड उघडं, मान एका बाजूला कललेली, तेच जाकीट अंगावर. नलिनक्का जाग्या होत्या. कुशीवर वळल्या होत्या, ते वळणं त्यांना एकटीनं कसं जमलं देव जाणे, आणि त्याच्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या. मला चाहूल लागू द्यायची नव्हती, पण पर्स दाराला लागली. त्यांनी नजर वर केली. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि मग त्याच बोटानं मला खूण केली, जा, तुला उशीर होईल. मी गेले. वळून पाहिलं तेव्हा त्या परत त्याच्याकडे बघायला लागल्या होत्या.